बाईच्या हातात बंद पडणारी गाडी

आमच्या बिल्डिंगमध्ये अठरा बिऱ्हाडं होती आणि मोटार एकच, आमची. त्यामुळे एरवी पाण्याच्या टाकीवर आणि सरकारच्या धोरणांवर खर्च होणारी समस्त पुरुषांची अक्कल त्या उन्हाळ्यात आमच्या गाडीवर खर्च झाली. गाडी चालता चालता अडखळायची, दोन-तीन आचके द्यायची आणि बंद पडायची. पाच मिनिटांनी, काही झालंच नाही अशा थाटात, सुरू व्हायची. कारण शोधायला जे जे पुढे सरसावले त्यांतल्या एकाच्याही घरी स्कूटरच्या पलीकडे वाहन नव्हतं. पण गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की पुरुषाच्या अंगात जे काही संचारतं, त्याला स्वतःचं वाहन असावं लागत नाही.

ही ऐंशीच्या दशकातली, वाशीतली गोष्ट. खाडीवरचा पूल तेव्हा एकच होता, रेल्वे यायची होती, आणि सेक्टरांच्या मधल्या मोकळ्या जागांत गवत आणि डंपरने ओतलेल्या मातीचे ढीग होते. माझा नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर होता. त्याला मी आयुष्यभर 'अहो' म्हणत आले. इथे लिहिताना 'तो' म्हणणार आहे, तेवढी मोकळीक मला वयाने दिली आहे. माणूस वाईट नव्हता. फक्त स्वतःत आणि स्वतः ओढलेल्या वायरीत दोष असू शकतो, हे त्याला कधी पटलं नाही. घरातला पंखा बंद पडला तर ती पंख्याची चूक, दिवा गेला तर बल्ब बनवणाऱ्याची. वायरिंग त्याने केलेलं असायचं, म्हणजे विषय संपला.

गाडी त्याने त्या हिवाळ्यात घेतली. दुधी रंगाची, आमच्याआधी दोघांनी वापरून झालेली. कामावर जायला त्याला कंपनीची बस कोपऱ्यावरून न्यायची, त्यामुळे आमची गाडी दिवसभर झाडाखाली उभी असायची आणि तो रविवारी तिला पुसायचा. मोटार घेतली हे लोकांना दिसावं एवढाच तिचा उपयोग होता. तो मी वाढवायचा ठरवला.

मी तेव्हा वाशीतल्या एका शाळेत शिकवत होते. आमच्या संस्थेची दुसरी शाळा उरण तालुक्यात, जासईच्या बाजूला होती. तिथल्या मुख्याध्यापिकेची जागा जूनपासून मला देऊ केली गेली. शाळा सकाळी सातला भरायची. वाशीहून पनवेल, पनवेलहून उरणची एसटी, म्हणजे पोचेपर्यंत दुसरा तास संपलेला. स्वतःच्या वाहनाशिवाय ते जमणारं नव्हतं. संस्थेला मे अखेरपर्यंत लेखी उत्तर हवं होतं. माझे वडील मराठवाड्यातल्या आमच्या गावी शाळेच्या ओट्यावर, वर्गाबाहेर बसून मुळाक्षरं शिकले होते. त्यांच्या मुलीला मुख्याध्यापिकेची खुर्ची मिळत होती आणि ती खुर्ची एका मोटारीच्या पलीकडे होती. मला ती हवी होती. इतकी, की हवी आहे हे मी मोठ्याने कुणाला सांगितलंही नाही.

जानेवारीत मी मोटार शिकायला लागले. फेब्रुवारीच्या शेवटी लायसन्स आलं. मोटार स्कूलचा मास्तर म्हणाला, "बाई, तुमचा हात चांगला बसलाय." हे वाक्य मी घरी येऊन सांगितलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, "त्याची फी राहिली का काही?"

तरी त्याने मला गाडी चालवू दिली. अट एकच: तो शेजारी असेल तरच. एकटीने किल्ली घ्यायची नाही. शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. आमच्या गाडीत तो नव्हता, पण नवऱ्याने ते मनाला लावून घेतलं नाही. तो डावीकडे बसायचा, एका हाताने दरवाजाची कडी धरायचा आणि समोरून काही आलं की दोन्ही पाय पुढच्या पत्र्यावर असे रोवायचा की त्याच्या बुटाच्या टाचा वाजायच्या. तो चालवत असेल आणि मी शेजारी, तर मी चपला काढून पाय सीटखाली ओढून घ्यायचे. बसमध्ये, बैठकीत, परक्या घरी, बायका बसतात तशी. मार्चभर मी अशी त्याच्या पायांच्या पहाऱ्यात तुर्भ्यापर्यंत, बेलापूरपर्यंत गाडी नेली. गाडीने एकदाही कुरकूर केली नाही.

मग एप्रिलात जयंती आली. मिरवणुकीला सगळ्यात पुढे आमची गाडी होती. टपावर कर्णा, पुढे तसबीर, दोन्ही बाजूंना निळे झेंडे. खरं सांगायचं तर पांढरी साडी नेसून बायकांच्या रांगेत चालताना मला त्या गाडीचा अभिमान वाटला होता. लाउडस्पीकरची जोडणी अर्थातच नवऱ्याने केली. ॲम्प्लिफायर त्याने डाव्या सीटपुढे पायाशी ठेवला आणि इंजिनाजवळच्या कॉइलवरून एक वायर आत ओढून त्याला करंट दिला. गाडी सुरू करताच कर्ण्यातून भाषणाऐवजी टर्र टर्र टर्र असा आवाज येऊ लागला. पाचशे माणसं हसायला लागली. त्याने घाईघाईने बॅटरीवरून दुसरी वायर आणली, आवाज स्वच्छ झाला, टाळ्या पडल्या. पहिली वायर त्याने बुटाने आत सारली आणि म्हणाला, "राहू दे, नंतर काढतो." मिरवणूक निघाली. दुसरी वायर त्याने त्याच संध्याकाळी काढली, कारण ॲम्प्लिफायर भाड्याचा होता आणि ती त्याला लागलेली होती. नंतर काढायच्या वस्तूंचं आपल्या घरांत काय होतं ते मी सांगायला नको.

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती पुढच्याच रविवारी, खाडीपुलावर. मी चालवत होते. समोरून एक ट्रक आमच्या बाजूला झुकत आला, गाडी अडखळली, आचके दिले आणि मेली. मागे हॉर्नचा गलका. नवरा उतरला, बॉनेट उघडलं, दोन-तीन गोष्टी हलवल्या आणि ओरडला, "मार स्टार्टर." गाडी सुरू झाली. त्याने रुमालाला हात पुसले आणि मागच्या टॅक्सीवाल्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू पूल आपणच बांधला आहे.

त्यानंतर हे दर खेपेला होऊ लागलं. मी चालवायचे, तो शेजारी, गाडी बंद. तो उतरायचा, बॉनेटमध्ये हात घालायचा, गाडी चालू. कधी प्लगची वायर दाबून, कधी कार्बोरेटरवर फुंकर मारून, एकदा तर नुसतं बॉनेट उघडून बंद करून. त्याच्या हाताला यश आहे अशी बिल्डिंगमध्ये बोलवा झाली. तो स्वतः चालवत असताना मात्र गाडी शहाण्यासारखी चालायची.

पहिलं निदान तळमजल्यावरच्या काकांचं. काका एसटीच्या डेपोत हजेरीपत्रक सांभाळून निवृत्त झाले होते. आयुष्यभर बसच्या शेजारून ये-जा केल्यामुळे त्यांना इंजिनाचं ज्ञान झालं होतं. "ऊन," ते म्हणाले. "उन्हाने पेट्रोलची वाफ होते, पाइपात अडते. पंपावर ओलं फडकं टाका." त्या दुपारी गाडी पहिल्याच वळणावर बंद पडली होती, त्यामुळे इंजिन पुरतं गरमही झालं नव्हतं. पण ते विचारणार कोण? पंपावर ओलं फडकं बसलं. आमच्या गॅलरीत आता गाडीची फडकी वाळू लागली. माझ्या जुन्या परकराचे चार तुकडे त्या कामी आले आणि एकेका फेरीला थर्मासभर पाणी बरोबर घ्यावं लागलं, आम्हाला प्यायला नव्हे.

फडक्याने फरक पडला नाही तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून कार्बोरेटरमधला कचरा निघाला, तिसऱ्या मजल्यावरून टाकीतलं पाणी. एका गृहस्थांनी खाडीच्या खाऱ्या वाऱ्यावर ठपका ठेवला. ते पुण्याचे होते, त्यांचा आमच्या सगळ्याच गोष्टींत खाऱ्या वाऱ्यावर ठपका असे. कार्बोरेटर उघडला, धुतला. टाकी रिकामी केली. प्लग बदलले. दर रविवारी सकाळी आमच्या गाडीभोवती सात-आठ लुंग्या आणि पट्टेरी पायजमे गोळा व्हायचे आणि मी वरून चहा पाठवायचे. एकदाही कुणी मला विचारलं नाही की बाई, चालवता तुम्ही, तर ती नेमकी बंद कशी पडते. सात-आठ जणांना माझ्या हातचा चहा चालत होता, माझं मत नव्हे.

शेवटी गाडी तुर्भ्याच्या एका मेकॅनिककडे नेली. तो बॉनेटमध्ये वाकला आणि कॉइलजवळ बोट दाखवून म्हणाला, "साहेब, ये एक्स्ट्रा वायर कसली आहे?" नवरा म्हणाला, "वायरिंगचं माझ्यावर सोड. मी त्याच लाइनमध्ये आहे. तू पेट्रोलचं बघ." मेकॅनिकने खांदे उडवले आणि पेट्रोलचं बघितलं. मग त्याने गाडी फिरवून आणली. नवरा शेजारी पायावर पाय टाकून बसला होता, खिडकीबाहेर सिगारेट धरून. मेकॅनिकच्या हाताची त्याला काळजी नव्हती. गाडी झकास चालली.

"गाडी एकदम ओके हाय," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "चलानेवाले का हात नहीं बैठा अभी. क्लच झटके से छोडते होंगे."

झालं. जे सगळ्यांच्या मनात होतं आणि सभ्यतेपोटी कुणी बोलत नव्हतं, ते तुर्भ्याच्या ग्रीसने माखलेल्या तोंडातून बाहेर पडलं आणि संध्याकाळपर्यंत अठराही बिऱ्हाडांत पोचलं. पुरावाही बिनतोड होता. नवरा चालवतो, गाडी चालते. मेकॅनिक चालवतो, चालते. बाई चालवते, बंद पडते. तीही नेमकी समोरून डंपर आला की, म्हणजे बाई घाबरते आणि क्लच सोडते. काकांनी समजूत घातली, "तसं काही वाईट वाटून घेऊ नका. काही हातांना यंत्र जुळत नाही." त्यांच्या बायकोने तीस वर्षं शिलाईमशीन चालवून घर पोसलं होतं, ते यंत्र नसावं.

नवरा मात्र त्या दिवसापासून माझ्याशी फार मायेने वागू लागला, आणि मला त्याचाच जास्त राग आला. "टेन्शन नको घेऊ," तो म्हणायचा. "वाशीची नोकरी काय वाईट आहे? घराजवळ आहे. तिकडं खडी-मातीचे डंपर, भरावाचे रस्ते. कुठं मधेच बंद पडलीस तर मी असणार आहे का?" त्याच्या काळजीत खोट नव्हती. पण तो ती काळजी जितकी जास्त करायचा तितकं, मी आता जासईला जाणार नाही या सुटकेने, त्याचं अंग सैल होताना मला दिसायचं.

आता माझ्याबद्दल लिहिते, कारण इतरांना हसून झालं की स्वतःला सोडून द्यायचं हे मला पटत नाही. मी ते खरं मानलं. गणित शिकवणारी बाई मी, मुलांना "पडताळा घेतला का?" म्हणून पट्टी आपटणारी. पण घरात भाकऱ्या थापताना माझा डावा पाय ओट्याखाली हळूहळू क्लच सोडायचा सराव करायचा. सुट्टीतल्या जादा तासाला फळ्यासमोर उभी असताना करायचा. मोटार स्कूलच्या मास्तरचं वाक्य मी विसरले आणि तुर्भ्याच्या मेकॅनिकचं पाठ केलं. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात संस्थेला पत्र लिहिलं, की वाहनाची खात्रीशीर सोय नसल्याने आपण देऊ केलेली जबाबदारी स्वीकारण्यास असमर्थ आहे. सुरेख अक्षरात. पाकीट चिकटवून पर्समध्ये ठेवलं. संस्थेचं कार्यालय बेलापूरला होतं, दुसऱ्या दिवशी बसने जाऊन देणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी करावे गावची मासेवाली आली. आमच्या बिल्डिंगमध्ये ती रोज खाडीतली कोलंबी आणि चिंबोऱ्या घेऊन यायची. त्या दिवशी टोपली अर्ध्यावर विकून ती जिन्यातच बसली. आदल्या दिवशी कालवं काढताना तिचा पाय खडकाच्या कपरीवर कापला होता, फडक्यातून रक्त येत होतं.

"बाय, तुजी गारी उभीच हाय ना?" ती म्हणाली. "मना गावान सोर. पाय टेकवत नाय."

"त्यांना विचारावं लागेल," मी म्हटलं.

"कोनाला इचारतेस? मी बघलाय त्याला कंपनीच्या बशीन बसताना."

बेलापूरला जायचंच होतं, करावे त्याच वाटेवर. मी किल्ली घेतली. धाडस वगैरे काही नव्हतं, खरं सांगते. पत्र लिहून झालं होतं, गाडी बंद पडली तरी आता ती माझ्याकडून काही हिरावून घेणार नव्हती. ओलं फडकं गॅलरीत वाळत होतं, तेही घ्यायचं राहून गेलं.

मासेवाली पुढच्या सीटवर बसली आणि लगेच मांडी घातली. "पाय वर घेतंय हां. खाली ठेवला का ठनकते."

गाडी निघाली. हायवेला लागलो. अकराचं ऊन, पुढे डंपरची रांग. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या मनगटात रुतल्या.

"कोनाला भितेस गो?" तिने विचारलं.

"गाडी बंद पडते."

"कवा?"

"आता पडेल."

"मंग परली का सांग," म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली.

नेरूळ आलं. एक डंपर चुकीच्या बाजूने अंगावर आला, मी गाडी खाली घेतली, पुन्हा वर आणली. इंजिन एकसुरात चालू होतं. करावेच्या कच्च्या रस्त्यावर खड्ड्यांतून धडपडत गेलो, तरी चालू. गावाच्या तोंडाशी तिला उतरवलं. तिने टोपली डोक्यावर घेतली, एका पायावर जोर देत उभी राहिली आणि म्हणाली, "परली नाय तुजी गारी."

"नाही पडली."

"मंग?" असं म्हणून ती लंगडत निघून गेली. महिनाभरात कुणी मला विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता.

मी तिथेच झाडाखाली गाडीत बसून राहिले. ऊन तेच. पेट्रोल तेच. फडकं नव्हतंच. रस्ता जास्त वाईट. हात माझे, क्लचवरचा पाय माझा. बदललं होतं ते फक्त डाव्या सीटवरचं माणूस. जो मुलगा गैरहजर असला की वर्ग शांत असतो, तो मुलगा कोण हे शोधायला शिक्षिकेला चौकशी समिती लागत नाही. बेलापूरला न जाता मी घरी आले. येताना तर डावी सीट रिकामीच होती. गाडी हूं की चूं न करता आली.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. मी म्हटलं, "अहो, जरा एक चक्कर मारू." त्याने फडकं भिजवलं, थर्मास भरला. तुर्भ्याच्या रस्त्याला लागलो. आज मी रस्त्याइतकंच त्याच्या बुटांकडे बघत होते. समोर डंपर दिसला. बूट पुढे सरकले, वर चढले, पत्र्यावर रोवले गेले. गाडी अडखळली, आचके दिले, मेली.

"बघ, सोडलास क्लच," तो म्हणाला.

मी गाडी कडेला घेतली होती. स्टार्टर मारला. नाही. तो सवयीने उतरायला लागला.

"उतरू नका. पाय वर घ्या."

"काय?"

"पाय सीटवर घ्या. मांडी घाला."

"वेडी झालीस काय? लोक बघायलेत."

"मग नुसते मागे घ्या."

बहुतेक माझ्या आवाजात वर्गातला स्वर आला असावा. त्याने पाय मागे घेतले. मी स्टार्टर मारला, गाडी लगेच सुरू झाली. "आता होते तिथे ठेवा." त्याने ठेवले. गाडी मेली. "मागे." सुरू. चौथ्या वेळेला मला सांगावंच लागलं नाही, त्याने स्वतःच पाय पुढे नेऊन बघितला आणि इंजिन बंद पडताच तो असा मागे ओढला की जणू विंचू होता.

मी उतरले, त्याच्या बाजूचं दार उघडलं, त्याला बाहेर काढलं आणि रस्त्यावर गुडघे टेकून आत वाकले. बुटाच्या धुळीने माखलेली एक लाल-पिवळी, पीळ घातलेली वायर होती. टोकाची टेप सुटली होती, तांब्याच्या तारा झाडूसारख्या पसरल्या होत्या. दुसरं टोक पत्र्याच्या भोकातून इंजिनाकडे गेलं होतं, कॉइलवर. पुढे जासईच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी मला हे फळ्यावर काढून समजावलं: बुटाने तारा पत्र्यावर दाबल्या आणि कॉइलच्या त्या टोकाला गाडीचं लोखंड लागलं की ठिणगी पडायची थांबते, ना धूर ना जळका वास, इंजिन निमूट बंद. पण मला फळ्याची गरज नव्हती. मला टर्र टर्र आठवलं होतं.

नवऱ्याने वाकून बघितलं. मग म्हणाला, "ही जुन्या मालकाची दिसते."

"आपल्या गॅलरीत जुन्या मालकाची वायर कशी आली?" मी विचारलं. जयंतीला आणलेल्या त्याच लाल-पिवळ्या वायरचा उरलेला तुकडा त्याने गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधला होता. महिनाभर त्याच्यावर गाडीची ओली फडकी वाळत होती.

त्याने बुटाचा तळ उलटून पाहिला. डंपर जात राहिले. शेवटी म्हणाला, "टेप सुटली असेल. उन्हानं."

मी हात पुढे केला आणि म्हटलं, "पक्कड द्या." त्याने दिली. बॉनेट उघडून मी स्वतः नट सैल केला आणि वायर ओढून काढली. ती हातभर निघाली. एवढीशी वस्तू. तिच्यापायी मी रोज रात्री उशीवर डोकं ठेवून माझ्या हाताला दोष देत होते. मला रडू आलं ते रागाचं होतं, आणि राग त्याच्यावर जेवढा होता त्याहून जास्त स्वतःवर होता. पर्समधलं पाकीट मी तिथेच फाडलं. त्या सुरेख अक्षराची मला लाज वाटली, आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येत होते तर जिन्याखाली सभा भरलेली. नवरा सांगत होता, "वायरिंगमध्ये फॉल्ट होता. कुणाच्या लक्षातच येईना. शेवटी मी पकडला."

"मी म्हणतच होतो," काका म्हणाले. महिनाभर ते वाफ म्हणत होते.

"हो, यांनीच पकडला," मी म्हटलं. "पायाने."

कुणाला कळलं नाही. त्याला कळलं. त्याने मान खाली घातली आणि माझ्या हातातली दुधाची पिशवी घेतली. होकाराचं पत्र मी त्याच दिवशी बेलापूरला नेऊन दिलं, एकटीने, गाडीने.

जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी त्याने रजा घेतली. "रस्ता नवीन आहे तुला, आज येतो बरोबर," म्हणाला. मी नको म्हटलं नाही. पहाटेच निघालो. पनवेलच्या बाजूने उरण रस्त्याला लागलो, दोन्हीकडे भात पेरलेली खाचरं आणि मधे लाल चिखल. पहिला डंपर समोर आला आणि डावीकडे बुटाच्या टाचा वाजल्या. मी बघितलं नाही, मला माहीत होतं. त्याने दोन्ही पाय पत्र्यावर रोवून, सगळा जोर लावून दाबून धरले होते, आणि जासई येईपर्यंत ते उचलले नाहीत. गाडी चालत राहिली. त्या पायांना आता काही जोडलेलं नव्हतं.